फेरारीला माफी कशासाठी?

सचिनच्या फेरारीवरून झालेला वाद चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना आठवत असेल. कसोटीत ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल फियाटने त्याला फेरारी ३६० मोदेना भेट दिली. २००२ च्या जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते ती त्याला मिळाली. पण गाडी भारतात आणायची तर एक कोटी तेरा लाखांच्या आसपास आयात शुल्क भरावे लागणार होते. सरकारने ते माफ केले आणि गदारोळ उठला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि शेवटी ते शुल्क फियाटने भरले. आमच्या घरात तेव्हा दोन तट पडले होते. वडील म्हणायचे, “अरे, बक्षीस आहे ते. बक्षिसावर कसला कर?” आईचे एकच पालुपद: “आपण स्कूटर घेतली तेव्हा कुणी माफ केला होता का?”

आईच्या त्या प्रश्नाला वडिलांकडे उत्तर नव्हते. वीस वर्षांनी तोच प्रश्न ब्रसेल्समध्ये निघाला, तेव्हा युरोपच्या पुढाऱ्यांकडेही फारसे नव्हते.

युरोपीय संघाने ठरवले की २०३५ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींच्या धुरांड्यातून कार्बन डायऑक्साइड निघता कामा नये. नियम सगळ्यांना सारखा असायला हवा होता. पण २०२१ च्या सप्टेंबरमध्येच इटलीचे मंत्री रॉबेर्तो चिंगोलानी यांनी सांगून टाकले, की फेरारी-लॅम्बोर्गिनीसारख्या कंपन्यांसाठी वेगळी वाट काढण्याची बोलणी चालू आहेत. हे गृहस्थ मंत्री होण्याआधी फेरारीच्या संचालक मंडळावर होते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. २०२२ च्या जूनमध्ये युरोपीय संसदेत एक दुरुस्ती मंजूर झाली. तिचे पाळण्यातले नाव काहीही असो, सगळे तिला ‘फेरारी दुरुस्ती’च म्हणतात. युरोपात वर्षाला एक हजार ते दहा हजार गाड्यांची नोंदणी असलेल्या कंपन्यांना कार्बन-कपातीचे स्वतःचे वेगळे, सैल उद्दिष्ट मागता येते. ही सोय २०२९ अखेर बंद व्हायची होती, ती २०३५ अखेरपर्यंत लांबवली गेली. एक हजाराच्या आतल्या कंपन्यांना तर हिशेबातूनच वगळले आहे. आता मूळ नियमच सैल होऊ घातला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने शंभराऐवजी नव्वद टक्के कपातीचा प्रस्ताव पुढे केला. तो सगळ्यांसाठी आहे, त्यावर वाद घालायचा तर वेगळा घालू. मला खटकते ती ही खास माफी, आणि त्याहून जास्त तिच्यासाठी पुढे केले जाणारे कारण.

कारण असे सांगतात: इटलीची वेगवान मोटार म्हणजे इटलीचा वारसा. तिला नियमांच्या चरकात घातले तर ती मरेल.

मी पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात बरीच वर्षे काढली. मोटारींचे वेडही लहानपणापासूनचे. घरी फियाट ११०० होती, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, आणि थंडीच्या सकाळी चोक ओढला की इंजिन खोकत खोकत जागे व्हायचे. आपल्या दोन-तीन पिढ्यांची इटालियन गाडी तीच. फेरारी भिंतीवरच्या पोस्टरवर असायची. त्या पोस्टरपायी मी या गाड्यांचा इतिहास जेवढा जमेल तेवढा वाचत गेलो, आणि त्या इतिहासाच्या जोरावरच म्हणतो, की वारशाचे हे कारण खोटे आहे. नियम, कर, बंदी आणि टंचाई यांनी ही गाडी घडवली. जिथे तिला मोकळे सोडले, तिथे ती बहुधा लठ्ठ झाली.

मुळापासूनच बघा. एन्झो फेरारीने १९२९ मध्ये मोदेनाला रेसिंगचा संघ काढला तो अल्फा रोमिओच्या गाड्या पळवण्यासाठी. १९३९ मध्ये तो अल्फातून बाहेर पडला, तेव्हा चार वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचे नाही अशी अट होती. म्हणून त्याची १९४० सालची पहिली गाडी, ८१५, फेरारी या नावाची नव्हतीच. मग युद्ध आले. बॉम्बहल्ल्यांच्या धास्तीने सरकारने कारखाने शहरांबाहेर हलवायला लावले, म्हणून १९४३ मध्ये फेरारीचा कारखाना मोदेनाहून मारानेल्लोला गेला. आज जे गाव फेरारीचे तीर्थक्षेत्र आहे, ते सरकारी हुकमाने मिळालेले आहे.

१२ मार्च १९४७ ला त्या कारखान्याच्या फाटकातून एक सांगाडा बाहेर पडला. वर पत्रा नाही, दारे नाहीत. चार चाके, नळ्यांची चौकट, एक आसन आणि पुढे इंजिन. चालवत होता स्वतः एन्झो. या १२५ एस गाडीचे इंजिन जोआक्किनो कोलंबोने आखलेले होते: बारा सिलिंडर, पण सगळे मिळून जेमतेम दीड लिटर. एका सिलिंडरात सव्वाशे घनसेंटिमीटर, म्हणून नाव १२५. आपल्याकडच्या मोटारसायकलीएवढा एकेक सिलिंडर, असे बारा. एवढी बारीक नक्षी कशासाठी? युद्धानंतरच्या ग्रां प्री शर्यतींच्या नियमात सुपरचार्जर, म्हणजे जास्तीची हवा आत कोंबणारा पंप, लावलेल्या इंजिनाला दीड लिटरची मर्यादा होती. त्या मापात राहून जास्तीत जास्त ताकद काढायची, तर सिलिंडर लहान आणि पुष्कळ हवेत, म्हणजे इंजिन जास्त फेरे घेते. ११ मे रोजी पिआचेन्झाला पहिली शर्यत. फ्रांको कोर्तेझे पुढे असताना इंधनाचा पंप बंद पडला आणि गाडी थांबली. दोनच आठवड्यांनी रोममध्ये तीच गाडी जिंकली. ज्या बारा सिलिंडरांच्या इंजिनाला आज वारसा म्हणून काचेच्या पेटीत ठेवायचे चालले आहे, तो नियमाच्या फुटपट्टीने कापून शिवलेला कपडा होता.

त्या काळातली मोदेना डोळ्यांसमोर आणायची असेल तर आपल्या भोसरीतले एखादे जुने शेड आठवावे. सेर्जिओ स्काल्येत्ती हा तिथला पत्र्याचा मिस्त्री. इटालियनमध्ये त्यांना ‘बात्तीलास्त्रा’ म्हणतात, म्हणजे पत्रा ठोकणारा. वाळूने भरलेल्या चामडी पोत्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवायचा आणि हातोडीने ठोकत ठोकत त्याला गोलाई आणायची. नकाशे कमी, डोळ्याचा अंदाज जास्त. डाव्या बाजूचा मडगार्ड उजव्यापेक्षा बोटभर वेगळा आला तरी चालायचे. आज कोट्यवधींना विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या अंगावर या मंडळींच्या हातोडीच्या खुणा आहेत. एमिलिया-रोमान्या प्रांताच्या या पट्ट्यात मारानेल्लो, मोदेना, सांतअगाता, बोलोन्या ही ठिकाणे एकमेकांपासून तासाभराच्या अंतरात. एकाने नट-बोल्ट करावे, दुसऱ्याने ओतकाम, तिसऱ्याने पत्रा. वारसा म्हणायचा तर मी याला म्हणेन. हा वारसा माणसांच्या हातात असतो, आणि ते हात पेट्रोल जळते की नाही हे विचारत नाहीत.

नियमांनी गाडी मरते म्हणणाऱ्यांनी १९५७ कडेही एकदा बघावे. मिल्ले मिल्या ही ब्रेशियाहून रोमला जाऊन परत येणारी, हजार मैलांची शर्यत. तीही उघड्या सार्वजनिक रस्त्यांवर, गावांच्या वेशींतून, लोकांच्या दारांसमोरून. १९२७ पासून चोवीस वेळा झाली. इटलीच्या गाड्यांची कीर्ती या शर्यतीनेच जगभर नेली. १२ मे १९५७ ला ग्विदित्सोलो गावाजवळच्या सरळ रस्त्यावर आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो, त्याचा सहचालक आणि रस्त्याच्या कडेला उभे असलेले नऊ जण मेले. त्यांत पाच मुले होती. मुले शर्यत बघायला रस्त्यावर आली होती, कारण शर्यत त्यांच्या गावातून जात होती. सरकारने अशा शर्यती बंद केल्या. एन्झोवर मनुष्यवधाचा खटला भरला गेला, १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला.

वारशाची व्याख्या लावायची तर मिल्ले मिल्याइतका अस्सल वारसा दुसरा नव्हता. तो एका फटक्यात गेला. त्यानंतर इटालियन मोटार संपली का? आज लिलावात ज्यांच्यासाठी हातघाईवर येतात त्या फेरारी २५० जीटीओ, लॅम्बोर्गिनी मिउरा, अल्फा रोमिओ ३३ स्त्रादाले या सगळ्या त्या बंदीनंतरच्या दहा वर्षांतल्या आहेत.

मिउराबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण ती माझी लाडकी, आणि प्रत्येक चांगली गोष्ट नियमांतूनच निघते असा माझा हट्ट नाही हेही त्यातून कळेल. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा मूळचा ट्रॅक्टरवाला, शेतकऱ्याचा मुलगा. फेरारीच्या क्लचवरून त्याचे आणि एन्झोचे वाजले, एन्झोने त्याला ‘तू आपला ट्रॅक्टर चालव’ अशा अर्थाचे सुनावले, अशी कथा सांगतात. कथेत मीठमसाला किती ते देव जाणे, पण १९६३ मध्ये त्याने सांतअगाताला मोटारींचा कारखाना काढला हे खरे. तिथे दाल्लारा, स्तान्झानी आणि बॉब वॉलेस ही तिशीच्या आतली पोरे. त्यांनी बारा सिलिंडरांचे चार लिटरचे इंजिन आडवे करून चालकाच्या पाठीमागे बसवले. १९६५ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात नुसता सांगाडा मांडला आणि त्यावर गर्दी लोटली. पुढच्या वर्षी जिनिव्हाला बेर्तोने या गाड्यांचे अंग घडवणाऱ्या कंपनीच्या मार्चेल्लो गांदिनीने चढवलेले अंग घेऊन मिउरा आली. गांदिनी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. ती आजही जमिनीला टेकून बसलेल्या मांजरीसारखी दिसते, कुठल्याही क्षणी उडी मारील अशी.

एन्झोला इंजिन मागे टाकणे पसंत नव्हते. बैल गाडी ओढतात, ढकलत नाहीत, असे तो म्हणायचा असे सांगतात. (हा दाखला आपल्याकडच्या कुणाही शेतकऱ्याला पटला असता.) मग रस्त्यावरच्या गाड्यांपुरते फेरारीचे मन वळवले कुणी? पुन्हा नियमाने. १९६७ पासूनच्या फॉर्म्युला टू शर्यतींत किमान पाचशे गाड्यांत बसवलेल्या इंजिनावर आधारित इंजिन वापरायची अट आली. मारानेल्लोला तेव्हा पाचशे गाड्या करणे झेपणारे नव्हते. म्हणून फेरारीने फियाटशी हात मिळवला आणि सहा सिलिंडरांचे ते इंजिन फियाट दिनोत बसवले. त्याच इंजिनाची, पण इंजिन मागे असलेली छोटी दिनो फेरारीने स्वतः काढली. नाव एन्झोच्या अकाली गेलेल्या मुलाचे. १९६९ मध्ये फियाटने फेरारीचा निम्मा हिस्सा घेतला. आजच्या प्रत्येक मधल्या इंजिनाच्या, म्हणजे चालकाच्या पाठीमागे इंजिन असलेल्या, फेरारीची आजी ही दिनो आहे.

आता सत्तरचे दशक. १९७३ चा तेलाचा भडका उडाला आणि डिसेंबरपासून इटलीत रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी झाली. लोक पायी, सायकलवर, कुणी घोड्यावरही. फेरुच्चोने तोवर आपला कारखाना विकायला काढला होताच, १९७४ पर्यंत तो पूर्ण बाहेर पडला. १९७८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. नियम आणि टंचाई सगळ्यांना मानवते असे मी म्हणत नाही, लॅम्बोर्गिनीचे तर हाल झाले.

पण याच काळातला एक कर मला फार आवडतो. इटलीत दोन लिटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीवर ३८ टक्के मूल्यवर्धित कर होता, छोट्या गाड्यांवर साधारण त्याच्या निम्मा. म्हणून १९८० मध्ये फेरारीने ३०८ गाडीचे इंजिन आक्रसून २०८ काढली. आठ सिलिंडर, १,९९१ घनसेंटिमीटर, १५५ हॉर्सपॉवर. दिसायला फेरारी, पळायला बेतास बात. करचुकव्यांची फेरारी म्हणून तिला नाके मुरडायला पुष्कळ वाव होता. पण दोनच वर्षांत त्याच छोट्या इंजिनाला टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून जास्त हवा कोंबणारा पंप, लावून २२० हॉर्सपॉवर काढली. रस्त्यावरची ती पहिली टर्बो फेरारी. तिकडे मासेरातीनेही दोन लिटरच्या इंजिनाला दोन टर्बो जोडून बिटुर्बो आणली. कर वाचवण्याच्या खटाटोपातून आलेली विद्या मग मोठ्या कामाला लागली. १९८४ ची २८८ जीटीओ, मग १९८७ ची एफ४०.

एफ४० आतून बघितलेला माणूस आजच्या सुपरकारमध्ये बसला की त्याला हॉटेलच्या लॉबीत आल्यासारखे वाटत असेल. तिला आतून दार उघडायला हँडल नाही, एक दोरी आहे. ओढायची. गालिचा नाही, रेडिओ नाही. सुरुवातीच्या गाड्यांना काचा वर-खाली व्हायच्या नाहीत, प्लास्टिकची खिडकी सरकवायची. वजन वाचवायला रंगाचा थर इतका पातळ की त्याखालची कार्बन आणि केव्हलारची वीण दिसते, धोतराच्या पोतासारखी. तीन लिटरपेक्षा लहान इंजिन, दोन टर्बो, ४७८ हॉर्सपॉवर, कोरडे (तेल-पेट्रोल न भरता) वजन ११०० किलोच्या आसपास आणि ताशी ३२४ किलोमीटर. ही एन्झोने स्वतः जगासमोर आणलेली शेवटची गाडी, पुढच्या ऑगस्टमध्ये तो गेला. २८८ जीटीओ ज्या ग्रुप बी शर्यतींसाठी केली होती त्या अपघातांमुळे बंद झाल्या नसत्या, तर तिच्या रेसिंग आवृत्तीवर झालेले काम रस्त्यावरच्या एफ४० मध्ये उतरले असते की नाही, शंकाच आहे. म्हणजे पोस्टरवरच्या या देवीच्या जन्मकुंडलीत एक कर आणि एक बंदी आहे.

इथे माझ्या विरोधात जाणारी एक गोष्ट मीच सांगतो, नाहीतर कुणीतरी तोंडावर मारेलच. २५० जीटीओ ही कदाचित सगळ्यांत देखणी फेरारी, आणि ती सवलतीचीच लेक आहे. शर्यतींच्या जीटी वर्गात उतरायला शंभर गाड्या बांधायची अट होती. फेरारीने १९६२ ते ६४ मध्ये बांधल्या ३६. ही नवी गाडी नाहीच, जुन्या २५० जीटीचीच सुधारित आवृत्ती आहे, असा दावा केला आणि तो खपला. २०१८ मध्ये तशी एक गाडी ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. सूट फळली म्हणायची. पण त्या गाडीच्या पोटात डोकावा: इंजिन पुढे, मागचा आस अखंड, त्याला पट्ट्यांच्या स्प्रिंगा. इंग्रज तेव्हा इंजिन मागे टाकून मोकळे झाले होते. जीटीओ ही जुन्या वाटेच्या टोकाचे सुंदर देऊळ आहे, त्यापुढे रस्ता नाही.

पुढची गाडी २५० एलएम. इंजिन मागे असलेली, खरोखरच नवी, आणि तिलाही जुनीच गाडी म्हणून खपवायचा घाट घातला. या वेळी शर्यतींचे नियम करणाऱ्या जागतिक महासंघाने डोळे मिटले नाहीत, साफ नाही म्हटले. एन्झो इतका रुसला, की १९६४ च्या शेवटी अमेरिका आणि मेक्सिकोतल्या शर्यतींत फेरारीच्या गाड्या इटलीच्या लाल रंगाऐवजी पांढऱ्या-निळ्या रंगात धावल्या. पण नकार मिळालेल्या त्या एलएमने १९६५ मध्ये ल मां ही फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत जिंकली, प्रोटोटाइपच्या, म्हणजे खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांच्या वर्गात, मोठ्यांशी लढून. त्यानंतर फेरारीला ल मां पुन्हा जिंकायला ५८ वर्षे लागली. २०२३ मध्ये जिंकली ती ४९९पी: सहा सिलिंडर, दोन टर्बो आणि पुढच्या चाकांवर विजेची मोटर. २०२४ आणि २०२५ मध्येही तीच. ‘वारसा’ म्हणून विजेपासून वाचवायची आहे ती हीच कंपनी.

मग आता ही माफी कुणाला हवी आहे? कंपनीची आजची तब्येत पाहिली तर उत्तर लपत नाही. २०१५ मध्ये फेरारीचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. २०१३ मध्ये सात हजारांच्या आत गाड्या विकणारी कंपनी २०२४ मध्ये १३,७५२ गाड्यांवर गेली आणि निव्वळ नफा दीड अब्ज युरोंच्या पुढे. शर्यती, प्रायोजक, टोप्या-जॅकेटे हे सगळे त्यात धरूनही, विकलेल्या गाड्यांनी भागले तर गाडीमागे लाखभर युरो पडतात. लॅम्बोर्गिनीही दहा हजारांपुढे गेली, आणि तिला तिथे नेणारी उरुस ही सव्वादोन टनांच्या आसपासची एसयूव्ही आहे. फेरारीनेही २०२२ मध्ये चार दारांची पुरोसांग्वे आणली. नावाचा अर्थ शुद्ध रक्ताची, कोरडे वजन २,०३३ किलो. एफ४० च्या जवळजवळ दुप्पट. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. वारसा वाचवायला निघालेल्यांनी वजनाबद्दल कधी दुरुस्ती मांडल्याचे ऐकले नाही.

एक बचाव मात्र प्रामाणिक आहे. या गाड्या थोड्या, वर्षभरात चालतात थोड्या, त्यांच्या धुराने पृथ्वीचे फारसे बिघडत नाही. खरे आहे. तेवढ्यासाठी मी हा लेख लिहिलाच नसता. पण नियम फक्त धूर मोजत नाही, तो ओझे वाटतो. आणि हे ओझे कुणाच्या खांद्यावर गेले ते बघा. सिट्रोएन सी१, प्यूजो १०८, फोक्सवॅगन अप या युरोपातल्या स्वस्त छोट्या गाड्या बाजारातून गेल्या. त्यांच्या किमतीत नवे नियम बसवणे परवडेना. तुरिनच्या मिराफिओरी कारखान्यात विजेवरची फियाट ५०० खपेना म्हणून २०२४ मध्ये पुन्हा पुन्हा काम थांबले आणि कामगार घरी बसले. छोट्या फियाटला सूट नाही. ती घेणाऱ्या शिक्षिकेला किंवा नर्सला सूट नाही. सूट आहे ती नफ्याचे एवढे मार्जिन असलेल्या कंपनीला, जिचे गिऱ्हाईक किंमत विचारत नाही. नवे तंत्रज्ञान परवडण्याची ऐपत ज्याच्याकडे सगळ्यांत जास्त, त्यालाच सगळ्यांत जास्त मुदत. हा उलटा न्याय आहे. पोटाला चिमटा काढून ज्याने बदल केला, त्याच्या डोळ्यांत हे खुपणारच.

आमच्याकडे १ एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-६ निकष आले, बीएस-५ वगळून थेट. दुचाक्यांचा कार्बोरेटर जवळपास एका रात्रीत गेला आणि फ्युएल इंजेक्शन आले. आमच्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला तीस वर्षे कार्बोरेटर साफ करत आला होता. जेट काढायचा, तोंडाने फुंकायचा, उजेडाकडे धरून बघायचा, आणि हवेचा स्क्रू पाव फेरा इकडे की तिकडे हे कानाने ठरवायचा. त्याचा कान हाही वारसाच होता. त्याला कुणी सहा वर्षांची मुदतवाढ दिली नाही. त्याने कर्ज काढून स्कॅनर घेतला आणि पुतण्याकडून शिकला.

आवाजाचे काय, असे विचारणारे भेटतात. बारा सिलिंडरांचा आवाज गेला तर इटालियन गाडीत उरले काय? या हळहळीत मीही सामील आहे. पण एखाद्याचे ऐकण्याचे सुख ही सार्वजनिक कायद्यात अपवाद करण्याइतकी गोष्ट नाही. ज्याला तो आवाज हवा त्याच्यासाठी जुन्या गाड्या आहेत, रेसट्रॅक आहेत, संग्रहालये आहेत. नवी विकायची तर सगळ्यांच्या नियमाने विका.

आणखी एक मुद्दा धंद्याचा: श्रीमंत गिऱ्हाइकाला विजेची सुपरकार नकोच आहे म्हणतात. असेल. पण गिऱ्हाइकाला काय हवे हे गिऱ्हाईकच ठरवते असे या धंद्यात कधी नव्हते, मिउराही कुणी मागितली नव्हती. आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. फेरारींना दशकानुदशके अंग देणारी तुरिनची पिनिनफारिना २०१५ मध्ये मुंबईच्या महिंद्रांकडे आली. त्यांनी २०१९ मध्ये जिनिव्हाला मांडलेली बात्तिस्ता पूर्ण विजेवर चालते, १,९०० हॉर्सपॉवरची. खपली किती, हा धंद्याचा भाग. पण तिच्या बाजूने नजर फिरवताना इंजिन कुठे आहे हे शोधावेसे वाटत नाही. रेषा तीच आहे, पत्रा ठोकणाऱ्यांच्या गावातली.

खुद्द फेरारीचे काय चालले आहे? २०२२ मध्ये तिने सांगितले होते, की २०३० पर्यंत ४० टक्के मॉडेले पूर्ण विजेवरची आणि २० टक्के फक्त पेट्रोलची असतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये आकडे अदलाबदल झाले: विजेची २० आणि पेट्रोलची ४०. मुदत मिळाली की माणूस काय करतो, ते यात दिसते. त्याच दिवशी पहिल्या विजेच्या फेरारीची चौकट, बॅटरी आणि मोटरी जगाला दाखवल्या. आवाजासाठी खोटे रेकॉर्डिंग वाजवणार नाहीत म्हणे. मोटरीची खरी कंपने सेन्सरने टिपायची आणि इलेक्ट्रिक गिटारसारखी मोठी करून ऐकवायची. मला ही कल्पना आवडली. बारा सिलिंडरांच्या दीड लिटर इंजिनाइतकीच हट्टी आणि थोडी वेडी आहे.

मारानेल्लोला त्यासाठी नवी इमारतही बांधून झाली आहे. जून २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मात्तारेल्ला उद्घाटनाला आले होते. सव्वाचार हेक्टरांवर पसरलेल्या त्या इमारतीत विजेच्या मोटरी, बॅटऱ्या आणि जुन्या धाटणीची इंजिने एकाच छताखाली जोडायची सोय आहे. ज्या कारागिरांच्या नावाने ब्रसेल्समध्ये मुदत मागितली, त्यांचेच सहकारी तिथे पाळ्या लावून विजेच्या मोटरीला तारा गुंडाळायला बसलेही आहेत.